खोलीचे कार्ड

मस्कतच्या हमरिया भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, शिंप्याचे दुकान आणि मोबाईल दुरुस्तीचा गाळा यांच्या मध्ये एक दवाखाना आहे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी साडेचार ते दहा, अशा दोन पाळ्यांत तो चालतो. तिथले डॉक्टर दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. केरळचे जातात, ढाक्याचे येतात. तेही मोठ्या इस्पितळात जागा मिळाली की निघून जातात. बदलत नाहीत त्या सिस्टर डोरोथी तुस्कानो.

डोरोथीबाई वसईजवळच्या भुईगावच्या. मुंबईत नर्सिंग शिकल्या आणि एकोणीसशे नव्याण्णव साली ओमानला आल्या. पहिली सहा वर्षे सूर शहरात काढली आणि नंतरची सगळी या दवाखान्यात. आता त्यांचे वय चौपन्न आहे. नवरा टेरेन्स मस्कतच्या एका हॉटेलात स्टोअरकीपर होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गावी परतला आणि वाडीतल्या केळींकडे पाहत बसून असतो. मुलगी ॲनेट बेंगळुरूला दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर चालते ते डोरोथीबाईंच्या नर्सिंगच्या परवान्यावर, आणि तो परवाना ठरावीक काळाने नवा करून घ्यावा लागतो.

एका माणसाचा पगार वाचावा म्हणून दवाखान्याने नोंदणीचे काम आणि नर्सचे काम एकाच बाईकडे दिलेले आहे. रोग्याचे कार्ड घ्यायचे, संगणकात त्याची फाईल उघडायची, वजन, उंची, रक्तदाब लिहायचा, आत पाठवायचे, बाहेर आला की इंजेक्शन द्यायचे. म्हणजे या दारातून आत कोण जाईल, हे डॉक्टरांच्या आधी डोरोथीबाईच ठरवत असत.

ज्याच्याकडे चालू निवासी कार्ड आणि कंपनीचा विमा आहे, त्याला अडचण नसते. पण कुणाचे कार्ड संपलेले असते, कुणाचा अर्बाब, म्हणजे मालक, धंद्याला कुलूप लावून नाहीसा झालेला असतो, कुणी एका अर्बाबाच्या नावावर येऊन दुसरीकडे चोरून काम करत असतो. अशा माणसाने आजारीच पडू नये, अशी सर्वांची अपेक्षा असते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या धर्मादाय इस्पितळांत गरिबाला दाखल व्हायचे तर इस्पितळाला वर्गणी देणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारसचिठ्ठी लागत असे. आजार केवढा, याआधी चिठ्ठी कुणाची हे पाहिले जाई, आणि चिठ्ठी मिळेपर्यंत पुष्कळांचा निकाल लागलेला असे. हे मी कॉलेजात परीक्षेपुरते पाठ केले होते आणि संपलेल्या काळाची गोष्ट म्हणून विसरूनही गेलो होतो. डोरोथीबाईंची हकिकत ऐकताना ते पुन्हा आठवले. ही हकिकत त्यांनी स्वतःच मला सांगितली, चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत पाच माणसे राहत. त्यांपैकी चालू कार्ड एकट्या एकनाथ मेस्त्रीकडे होते. एकनाथ कुडाळजवळच्या आंब्रडचा. एका बांधकाम कंपनीत शटरिंगचा सुतार. हाडकुळा, मिशीवाला, कमी बोलणारा. त्याने आपले कार्ड खोलीला देऊन टाकले होते. कुणाला ताप आला, दाढ ठणकली, की तो आजारी माणूस ते कार्ड खिशात घालून डोरोथीबाईंसमोर उभा राही आणि विचारण्याआधीच म्हणे, "एकनाथ मेस्त्री."

पहिल्यांदा आला तो सागर, खोलीतला सर्वांत वयस्कर, रंगारी, मधुमेहाचा रोगी. फोटोत मिशी होती आणि समोरचा माणूस टकला, गुळगुळीत आणि दुप्पट रुंद होता. डोरोथीबाईंनी फोटो पाहिला, माणूस पाहिला आणि फाईल उघडली.

"बस, एकनाथ," त्या म्हणाल्या. "वजन बरंच वाढवलंस रे पंधरा दिवसांत."

सागर घाबरला. मग बाई हसताहेत हे पाहून तोही हसला. त्या दिवसापासून खोलीला दवाखाना मिळाला.

सहा-सात वर्षांत ती फाईल मोठी चमत्कारिक झाली. तिच्यातल्या एकनाथला मधुमेह होता, मूळव्याध होती, दमा होता, तीन दाढा काढलेल्या होत्या. त्याचे वजन कधी अठ्ठावन्न किलो भरे, कधी एक्क्याऐंशी. उंची तर दर भेटीत बदले, म्हणून डोरोथीबाईंनी ती लिहिणेच बंद केले. नवा डॉक्टर आला की फाईल चाळून म्हणे, हा माणूस जिवंत कसा? खरा एकनाथ मात्र त्या काळात स्वतःसाठी एकदाच आला होता, पायात खिळा घुसला म्हणून.

त्यात तीन वर्षांपूर्वी रमण परबचे प्रकरण झाले. रमण एकनाथच्याच गावचा, एसीच्या डक्टचे काम करणारा. त्याचा अर्बाब पळाल्यामुळे त्याचे कार्ड दोन वर्षे बंद होते. एका सकाळी तो पोट धरून वाकलेल्या अवस्थेत आला. त्या वेळच्या मल्याळी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि सांगितले, अपेंडिक्स आहे, आजच कापले पाहिजे.

सरकारी इस्पितळाने तातडीचा रोगी म्हणून त्याला घेतले असते. पण त्यामागून चौकशी आली असती, दंड आला असता आणि परत पाठवणी.

"सिस्टर, मेलंय तरी चलात," रमण म्हणाला. "पण माका परत धाडू नकात."

डोरोथीबाईंनी एकनाथच्या नावाने चिठ्ठी लिहिली. एकनाथच्या कंपनीच्या विम्यातून मंजुरी आली. रुवीतल्या एका खाजगी इस्पितळात रमणने एकनाथ म्हणून सही केली आणि एकनाथ म्हणून भूल घेतली. दोघेही हाडकुळे, दोघांनाही मिशी. कुणी निरखून पाहिले नाही. इकडे खरा एकनाथ नऊ दिवस खोलीत लपून बसला, कारण कंपनीच्या लेखी तो शस्त्रक्रियेतून उठत होता. दहाव्या दिवशी कामावर जाताना त्याने पोटाला फडके बांधले आणि साइटवर वाकून चालू लागला. फोरमनने त्याला आठवडाभर हलके काम दिले. खोलीत या नाटकावरून महिनाभर हसणे चालले होते. सागर त्याला "पेशंट" म्हणून हाक मारी. डोरोथीबाईंनी फाईलमध्ये लिहिले: अपेंडिक्स काढले. ते त्यांना लिहावेच लागले, कारण इस्पितळाचा कागद परत आला होता.

गेल्या ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास खरा एकनाथ आला. तो चालत नव्हता, भिंतीला धरून सरकत होता. त्याच्याबरोबर कंपनीचा मंदूब होता. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रे करणारा माणूस. याचे नाव तय्यब. बलुची ओमानी, हिंदी आपल्याइतकेच सफाईने बोलणारा.

"सिस्टर, जल्दी करो," तय्यब म्हणाला. "सुबह से साइट पे नाटक चल रहा है. पेट पकड के बैठा है, जैसे बच्चा होने वाला है."

डोरोथीबाईंनी एकनाथच्या कपाळाला हात लावला. अंग तापले होते. दुखणे कालपासून आहे, आधी बेंबीपाशी होते आणि आता उजवीकडे खाली उतरले आहे, एवढे त्याने सांगितले आणि त्यांना पुढचे काही विचारायची गरज उरली नाही. असे दुखणे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते.

आत डॉक्टर रशीद होते. लाहोरचे, येऊन आठ महिने झालेले. माणूस हुशार, पण बाहेर वीसजण बसलेले. त्यांनी एकनाथला टेबलावर झोपवले, उजव्या बाजूला बोट दाबले आणि एकदम सोडले. एकनाथ ओरडला. डॉक्टरांच्या तोंडून आपसूक निघाले, "अपेंडिक्स."

मग त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे मान वळवली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मगर ये तो निकल चुका है. तीन साल पहले?"

"हाँ डॉक्टरसाब," तय्यब दाराशी उभा होता तो पुढे आला. "मंजुरी मैंने ही निकलवाई थी. नौ दिन सोया था घर पे, मेहमान के माफिक."

डॉक्टरांनी एकनाथकडे पाहिले. "निकाला था ना?"

एकनाथने तय्यबकडे पाहिले, मग डोरोथीबाईंकडे. "हाँ, साब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याची पँट थोडी खाली सरकवली. जांघेच्या वर उजव्या बाजूला एक जुना वण होता. एकनाथ पंधरा वर्षांचा असताना कुडाळला त्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते, त्याचा. अपेंडिक्सचा वण थोडा वर असतो. वेळ असता तर डॉक्टरांच्या ते ध्यानात आले असते. फाईलमध्ये शस्त्रक्रिया होती, पोटावर वण होता, मंदूब साक्षीला होता आणि रोगी स्वतः हो म्हणत होता. ते मूतखड्याचा विचार करू लागले.

डोरोथीबाई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. रक्तदाबाची पट्टी बांधण्याच्या निमित्ताने त्या खाली वाकल्या आणि मराठीत म्हणाल्या, "एकनाथ, मी सांगते त्यांना."

"नको, सिस्टर."

"अरे, तुझं अपेंडिक्स आत आहे. ते सुजलंय. कळतंय का तुला?"

"माका कळता. पण ह्यो मंदूब हंयच उभो आसा. रमणाचो नवो विसा झालो, गुरुवारी तेचे बोटांचे ठसे आसत. आता सांगलास तर तो गेलो, मी गेलंय, आनी तुमी पन."

"आणि तुझं पोट?"

"गुरुवार होऊंदे. तीन दीस. काढतंय कसे तरी."

"क्या कह रहा है?" डॉक्टरांनी विचारले.

खोलीत मराठी समजणारी माणसे दोनच होती. डोरोथीबाईंनी पट्टीतली हवा सोडली. संगणकावरच्या आपल्या परवलीच्या शब्दाने ती फाईल उघडली गेली आहे, प्रत्येक नोंदीपुढे आपले नाव आहे, परवाना गेला तर ॲनेटचे शेवटचे वर्ष अर्धवट राहील, हे सगळे त्या क्षणी मनात आले, असे त्यांनी मला सांगितले. एकनाथचे काय होईल हेही आले. दोन्ही एकदमच आले. आधी काय आणि मागून काय, असे काही झाले नाही.

"कहता है, पहले से कम है," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी वेदनेचे इंजेक्शन लिहिले, भरपूर पाणी प्यायला सांगितले, आणि उद्यापर्यंत बरे वाटले नाही तर मोठ्या इस्पितळात तपासणी करा असा शेरा मारला. इंजेक्शन डोरोथीबाईंनीच दिले. दहा मिनिटांत एकनाथचा चेहरा सैल झाला.

"देखा?" तय्यब म्हणाला. "दवाई का नाम सुनके ठीक हो गया. यल्ला, चलो. कल ड्यूटी."

जाताना एकनाथ बाईंना म्हणाला, "तुमचो हात हलको, सिस्टर. कळलाव नाय."

रोगी गेल्यावर डॉक्टरांना एकटे गाठून सांगावे, असे त्यांनी ठरवले होते. पुढचा रोगी आत गेला, मग त्याच्या मागचा. एक वाजता दवाखाना बंद झाला आणि डॉक्टर जेवायला निघाले. पायरीवर ते थांबले आणि म्हणाले, "सिस्टर, वो पेट वाला, अजीब केस था ना?" डोरोथीबाई म्हणाल्या, "जी, डॉक्टर." डॉक्टर उन्हात चालू लागले.

मंगळवारी दुपारी त्यांनी एकनाथला फोन केला. तो कामावर गेला नव्हता.

"कसा आहेस?"

"एकदम बरो, सिस्टर!" त्याचा आवाज हलका होता. "सकाळी लय दुखी होता, माका वाटला आता जीव जाता. आनी मगे एकदम थांबला. नळ बंद करूचो तसा. आता पेज खाल्लंय."

सुजलेले अपेंडिक्स फुटले की दुखणे काही तास थांबते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात, आणि परीक्षेत ते हमखास विचारतात. 

"एकनाथ, ऐक माझं. आत्ता टॅक्सी कर. सरकारी इस्पितळात जा. सांग, माझं अपेंडिक्स कधी काढलेलंच नाही. फाईल खोटी आहे म्हणून सांग."

तो हसला. "आता कित्याक? बरा झाला ना. देवानच ऱ्हवयला. दोन दिसांचो प्रश्न आसा, सिस्टर. तुमी घाबरू नकात."

त्यांनी रमणला फोन केला. रमणने सगळे ऐकून घेतले. "हो सिस्टर, न्हेतंय. आताच न्हेतंय," तो म्हणाला. त्याने नेले नाही. रुग्णवाहिकेचा क्रमांक दवाखान्यातल्या भिंतीवर, डोरोथीबाईंच्या खुर्चीच्या बरोबर समोर चिकटवलेला आहे. तो फिरवला असता तर नाव, पत्ता आणि आपण कोण हे सांगावे लागले असते. साडेचारला संध्याकाळची पाळी सुरू झाली आणि पहिल्याच तासात चौदा रोगी आले.

बुधवारी संध्याकाळी एकनाथचा फोन रमणने उचलला.

"झोपलोहा," तो म्हणाला. "जरा ताप आसा. पॅनाडॉल दिलंय."

"पोट कसं आहे? मऊ आहे की कडक?"

 मागे सागरचा आवाज आला, "अरे फळीसारख्या झाला म्हणान सांग तेंका!" मग रमण म्हणाला, "मऊ आसा, सिस्टर. सकाळी बघूया."

"बरं," डोरोथीबाई म्हणाल्या.

त्यांनी सागरचे शब्द ऐकले होते. हे त्यांनी मला सांगितले नसते, तर मला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

गुरुवारी सकाळी रमण आठ वाजता रांगेत उभा राहिला, बोटांचे ठसे दिले, फोटो काढला आणि अकराला नवे कार्ड घेऊन खोलीवर आला. त्यानंतर त्याने आणि सागरने एकनाथला चादरीत धरून टॅक्सीत घातले. सरकारी इस्पितळाने कसलेही कार्ड न पाहता त्याला तडक शस्त्रक्रियेला घेतले. पोटात सगळीकडे पू झाला होता. शनिवारी दुपारी एकनाथ मेस्त्री वारला. त्याचे वय एकेचाळीस होते.

त्याच संध्याकाळी इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरणीचा दवाखान्यात फोन आला. तिच्यासमोर रोग्याचा जुना अहवाल होता. ज्या माणसाचे अपेंडिक्स तीन वर्षांपूर्वी काढले होते, त्याचे अपेंडिक्स आपण परवा काढले, हे कसे, असे ती विचारत होती. तिचा आवाज संतापलेला नव्हता, फक्त गोंधळलेला होता. फोन डोरोथीबाईंनी घेतला.

"एकाच नावाचे दोन रोगी आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दुसऱ्याची नोंद याच्या फाईलला चुकून जोडली गेली असावी. कारकुनी चूक."

"किती मोठी चूक!" ती म्हणाली.

"हो," डोरोथीबाई म्हणाल्या.

कारकुनी चूक सगळ्यांना परवडण्यासारखी होती. डॉक्टर रशीदना परवडणारी होती, कारण त्यांनी फाईलप्रमाणेच उपचार केला होता. दवाखान्याच्या व्यवस्थापकालाही परवडणारी होती. त्याने डोरोथीबाईंना एक लेखी ताकीद दिली, तिच्यावर त्यांची सही घेतली आणि चहा मागवला. तय्यबला तर प्रश्नच नव्हता. मृतदेह गावी पाठवण्याचे सर्व कागद त्याने दोन दिवसांत केले. नऊ वर्षांच्या नोकरीत कंपनीने एकनाथसाठी इतक्या तत्परतेने केलेले हे एकच काम. त्याचे कार्ड रद्द झाले.

आठवड्याने एकनाथच्या बायकोचा, पूर्वाचा फोन आला. नंबर तिला नवऱ्याच्या मोबाईलमध्ये सापडला होता.

"तुम्ही त्या दवाखान्यातल्या सिस्टर ना?" तिने विचारले. "ते नेहमी सांगायचे तुमचं. म्हणायचे, तिथं आपली मराठी बाई आहे, काळजी करू नको. शेवटी तुम्ही भेटलात ना त्यांना?"

"सोमवारी आला होता."

"काय म्हणत होते?"

डोरोथीबाईंना काय म्हणत होता ते शब्दन् शब्द पाठ होते. "पोट दुखतंय म्हणाला," त्या म्हणाल्या. "मी इंजेक्शन दिलं. त्याला बरं वाटलं."

"बरं झालं बाई," पूर्वा रडू लागली. "तुमच्या हातचं औषध तरी मिळालं. परक्या मुलखात एवढं तरी कोण करतं?"

तीन आठवड्यांनी रमण दवाखान्यात आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून, एक पाय न टेकवता सागर आला. त्याला बाकावर बसवून रमणने आपले नवे कार्ड टेबलावर ठेवले.

"नवी फाईल उघडा, सिस्टर."

डोरोथीबाईंनी नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली. फाईल उघडताना पडदा काही प्रश्न विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"पूर्वी कसलं ऑपरेशन?"

रमणने दाराकडे पाहिले. मग त्यांच्याकडे पाहिले. "नाय."

त्यांनी तसे लिहिले. "काय होतंय?"

"माका काय नाय. सागराच्या पायाक झाला. एकनाथाचा कार्ड बंद झाल्यापासून तेका साखरेची गोळी नाय. घासलो चपलेन, आनी बोट काळा पडला."

डोरोथीबाईंना जागेवरून सागरचा पाय दिसत होता. वासही येत होता. अंगठा काळा होता आणि लाली घोट्याच्या वर चढली होती. असा पाय किती दिवस थांबू शकतो, याचा हिशेब त्यांना करावा लागला नाही. त्यांनी कार्ड फिरवून रमणपुढे सरकवले.

"हा फोटो तुझा आहे."

रमणला आधी कळलेच नाही. "म्हणजे?"

"फोटो तुझा आहे. पेशंट दुसरा आहे."

"आधी कधी बघीत होतात फोटो?" रमणचा आवाज चढला. बाकावरचे दोन बंगाली मजूर वळून पाहू लागले. "सात वर्सां आमी येतो. सात वर्सांत तुमका एक फोटो दिसाक नाय, आनी आज दिसलो?"

"सरकारी इस्पितळात ने त्याला."

"थंय ठेवन घेतले, मगे कार्ड मागतले. मगे घराक धाडतले, लंगडो करून. तेच्या चेडवाचा लग्न आसा मे म्हयन्यात."

"मी काय करू, रमण?"

"काय करतलास?" तो म्हणाला. "एकनाथाचा तरी काय केलात?"

"आणि तू?" डोरोथीबाई म्हणाल्या. "पोट मऊ आहे म्हणून मला कुणी सांगितलं?"

रमणने टेबलावरचे कार्ड उचलले, पुसले आणि वरच्या खिशात घातले. सागर इतका वेळ खाली मान घालून बसला होता. भांडण आपल्यावरून नाही, अशा तऱ्हेने तो उठला. "चल रे," तो रमणला म्हणाला, "बाईंका त्रास नको." सुजलेल्या पायात चप्पल जाईना, म्हणून त्याने ती हातात घेतली आणि भिंतीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत तो बाहेर गेला. रमण त्याच्या मागे गेला.

पडद्यावर रमणची नवी फाईल उघडीच होती. डोरोथीबाईंनी ती जतन केली आणि पुढचा नंबर पुकारला.